मरळ कोणी सोडली?

माझ्या सबंध नोकरीत मला जिराफाने जेवढं छळलं, तेवढं एकाही शिक्षणाधिकाऱ्याने छळलं नाही.

लालबागच्या एका मराठी शाळेत मी नुकतीच लागले होते. मराठी शिकवायचे आणि अंगात उत्साह मावत नव्हता. सातवीच्या वर्गात प्राण्यांवर निबंध कसा लिहावा हे सांगताना मी मोठ्या रुबाबात म्हणाले, "उंच झाडांचा पाला खाता यावा म्हणून जिराफाने आपली मान लांब केली." तेवढ्यात दारात कोणीतरी खाकरलं. राखाडी शर्ट, राखाडी पँट, हातात चहाच्या गाळणीहून जरा मोठी जाळी आणि तिच्यातून टपटप गळणारं पाणी. विज्ञानाचे सर होते.

"बाई, एक मिनिट. मान कोणी लांब केली?"

"जिराफाने," मी म्हटलं.

"कशी? ओढून?"

वर्ग खिदळला. सर मात्र गंभीर. "काही जिराफांच्या माना जन्मापासूनच जरा लांब होत्या. त्यांना पाला मिळाला, त्यांची पिल्लं जगली. आखूड मानेचे उपाशी राहिले. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मान लांब करायची असं कोणी ठरवलं नाही, बाई. कोणी म्हणजे कोणीच नाही." एवढं बोलून ते निघून गेले आणि माझ्या वर्गाच्या दारात पाण्याचं थारोळं ठेवून गेले.

मधल्या सुट्टीत मी त्यांना शिक्षकांच्या खोलीत गाठलं आणि चांगलं सुनावलं. माझ्या तासाला, माझ्या पोरांसमोर, माझी शोभा करायची काय गरज होती? त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी माझ्या पोळीवर वाढली आणि म्हणाले, "तुमचं मराठी झकास आहे बाई. फक्त ते 'म्हणून' जरा जपून वापरत जा." मी चटणी खाल्ली. रागावून परत द्यावी इतकी ती वाईट नव्हती.

पोरं त्यांना टाकीसर म्हणत. त्याचं कारण गच्चीवर होतं. तिथे सिमेंटच्या दोन जुन्या टाक्या होत्या, कधीकाळी पाणी साठवायला बांधलेल्या आणि मग तशाच पडून राहिलेल्या. सर नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी त्या घासून घेतल्या आणि पालिकेच्या मलेरियावाल्यांकडून बादलीभर गप्पी मासे आणले. गप्पी डासांच्या अळ्या खातात, त्यामुळे पालिकेची माणसं ते पिंपांत आणि हौदांत सोडत असतात. सरांनी अर्धी बादली डाव्या टाकीत ओतली, अर्धी उजव्या. दोन्हीकडे सारखंच पाणी, सारखंच शेवाळ, सारखेच दगड. फक्त उजव्या टाकीत त्यांनी एक मरळ सोडली. मरळ हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा, आणि गप्पी म्हणजे तिचं फरसाण. मरळ फार मोठी झाली की सर तिच्या जागी लहान आणायचे, पण उजवी टाकी मरळीवाचून कधी राहिली नाही.

त्यानंतर सर वर्षानुवर्षं नुसते बघत बसले. गप्पीच्या माद्या दिसायला साध्या, नर रंगीत. ज्याच्या शेपटीवर रंग जास्त तो मादीच्या चटकन डोळ्यांत भरतो, पण मरळीच्याही डोळ्यांत तोच आधी भरतो. त्यामुळे उजव्या टाकीत भडक नर मरळीच्या पोटात गेले आणि फिके नर बाप झाले. डाव्या टाकीत भीतीच नव्हती, तिथे भडक नरांची चलती. गप्पींची नवी पिढी काही महिन्यांत तयार होते. मी शाळेत आले तोवर डावी टाकी लग्नाच्या हॉलसारखी झगमगत होती, आणि उजवीत मासे आहेत की नाहीत हे वाकून बघावं लागायचं.

दहावीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा आहे. बाकीच्या शाळा तो भराभर उरकतात. सर तो गच्चीवर शिकवायचे, आणि शेवटी प्रत्येक मुलाला दोन्ही टाक्यांतला एकेक नर रंगपेन्सिलीने काढायला लावायचे. दर वर्षीची त्यातली चांगली जोडी जिन्याच्या भिंतीवर लागे, सगळ्यांत जुनी तळाशी आणि नवी तिच्या वर. आमच्या शाळेचा जिना चढायचा म्हणजे माशांबरोबर चढायचा. तळमजल्यावर दोन्ही मासे जुळे भाऊ वाटत. वर जावं तसा एक नारिंगी-निळा होत जाई आणि दुसरा मातकट. ज्या पोरांना सरांचं एक अक्षर कळलं नाही त्यांनाही जिना कळला.

प्रयोगशाळेत एका दाढीवाल्या इंग्रज म्हाताऱ्याची तसबीर होती. ज्याने ही सगळी कल्पना मांडली तोच म्हातारा. आमचा शिपाई दर दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालायचा, कारण त्याची ठाम समजूत होती की हे संस्थेचे कोणीतरी जुने देणगीदार आहेत. मी सरांना म्हटलं, त्याला खरं सांगा की. "घालू द्या," सर म्हणाले. "म्हातारा जन्मभर पोटाने आजारी होता. कोणीतरी विचारपूस केलेली बरी."

एकदा एक पालक भांडायला आले. मूळचे कुडाळकडचे, इथे काळाचौकीला राहायचे. पोराने घरी जाऊन सांगितलं होतं की आपण आधी माकड होतो.

"सर, माझो आजो काय माकड होतो?" त्यांनी टेबलावर हात आपटला.

"छे छे," सर म्हणाले. "तुमचा आजोबा माणूसच. पण फार फार मागे गेलात तर तुमचा आणि माकडाचा पणजोबा एकच निघतो. तुम्ही भाऊबंद. चुलत, खूप लांबचे."

गृहस्थांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं. "म्हणानच," ते म्हणाले, "म्हणानच ते आमच्या बागेत हक्कान शिरतत!"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्या गृहस्थांना ते गच्चीवर घेऊन गेले. खाली उतरले तेव्हा दोघांची दोस्ती झाली होती. पुढे कित्येक वर्षं त्यांच्याकडून आंब्याच्या दिवसांत पेटी यायची आणि वर चिठ्ठी असायची, भाऊबंदांनी ठेवले तेवढे पाठवत आहे.

सर कपडे कायम राखाडी घालत. आम्ही त्यांना चिडवायचो, "सर, तुम्ही उजव्या टाकीतले." हे मात्र त्यांना आवडायचं नाही. "माशांचं माणसांना लावू नका," ते म्हणायचे. एकदा मी कारण विचारलं. शाळा सुटली होती आणि ते टाकीतलं शेवाळ काढत होते. माझ्याकडे न बघताच बोलले.

"आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. माझे आजोबा गावाहून आले, गिरणीत लागले. गावात त्यांना लोक सांगायचे, तुमची पायरी हीच, हे वरूनच ठरलंय. आजोबा विचारायचे, कोणी ठरवलं? माणूस दाखवा. लोक वर बोट दाखवायचे. आता काही शहाणे निघालेत, ते वर बोट दाखवत नाहीत. ते निसर्गाकडे दाखवतात. जो खाली आहे तो लायकच नव्हता, निसर्गाचा नियम आहे, म्हणतात. बाई, निसर्गाला कशाला मधे आणता? माझे आजोबा कमकुवत नव्हते. त्यांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. आणि येऊ न देणारी माणसं होती, त्यांना नावं होती."

त्या दिवसापासून सरांच्या 'कोणी ठरवलं' या प्रश्नाला मी हसले नाही, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात जी माया बसली ती तेव्हाची.

शाळेचं मात्र वाईट चाललं होतं. संस्थेने त्याच इमारतीत इंग्रजी विभाग काढला होता आणि आमचा मराठी विभाग वर्षागणिक आटत होता. बालवाडी गेली, मग पहिली गेली. शेवटी अशी वेळ आली की वरचे तीन वर्गच उरले, आठवी, नववी आणि दहावी. तेवढ्यात कुणकुण लागली की हे वर्ष संपलं की मराठी विभागच बंद होणार. दहावी परीक्षा देऊन जाईल, पण आठवी-नववीच्या पोरांनी दाखला घेऊन दुसरीकडे जायचं. जवळपास दुसरी मराठी शाळा धड राहिली नव्हती. दहावीच्या तोंडावर ही पोरं कुठे जाणार होती? त्यातल्या निम्म्यांनी शाळाच सोडली असती, हे आम्हाला लख्ख दिसत होतं.

नववीतली एक मुलगी मला जिन्यात भेटली. भिंतीवरच्या शेवटच्या चित्राखाली उभी होती. "बाई, आमच्या बॅचचे मासे लागणारच नाय का?" तिने विचारलं. मी तिला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि वर जाऊन सरांना ते जसंच्या तसं सांगितलं. सर बराच वेळ जाळी धूत राहिले.

मग संस्थेने शिक्षकांची सभा बोलावली. त्या दिवशी सर आले ते भगभगीत नारिंगी शर्ट घालून. सगळ्या खोलीने आ वासला. आठवी-नववीच्या पोरांनी वर्गणी काढून हिंदमाताच्या कापडबाजारातून शर्टपीस आणला होता आणि शिक्षकदिनाला त्यांना दिला होता. "पोरांना वाटतं मी फार फिका दिसतो," सर माझ्या कानाशी पुटपुटले. "आणि तुम्ही आता माशांवरून काही बोलू नका."

चेअरमनसाहेब वाईट माणूस नव्हते. सभ्य, मऊ बोलणारे. त्यांनी आकडे दाखवले, खेद व्यक्त केला, भाषेवरच्या प्रेमाबद्दलही बोलले. मग सरांकडे बघून हसले. "सर, हा तर तुमचाच विषय. नैसर्गिक निवड. जे बदलत्या परिस्थितीत टिकू शकत नाही ते मागे पडतं. आपण कोण ते थांबवणार? याला कोणाचाच इलाज नाही."

सर उभे राहिले. इतक्या वर्षांत सभेत त्यांचं तोंड उघडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"साहेब, धडा थोडा चुकला," ते म्हणाले. "मी गच्चीवर एका टाकीत मरळ सोडली. त्या टाकीतले मासे फिके झाले. फिकं व्हायचं असं माशांनी ठरवलं नाही, ते खरं. पण उद्या मला कोणी विचारलं की ही टाकी अशी का झाली, तर मला 'निसर्ग' म्हणून हात झटकता येणार नाहीत. कारण मरळ मी सोडली होती. माझ्या या हातांनी."

मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"खालचे उजेडाचे वर्ग इंग्रजी विभागाला दिले. आमचे दोन शिक्षक निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. दारावरची मराठी प्रवेशाची पाटी रंगकामाला काढली, ती परत लागलीच नाही. मग पोरं कमी झाली. साहेब, ही मरळ कोणी सोडली?"

चेअरमनसाहेबांनी चष्मा काढला. "सर, तुम्ही आरोप करताय."

"नाही साहेब. शाळा तुमची, अधिकार तुमचा. विभाग बंद करायचा तर करा. पण 'आम्ही ठरवलं' म्हणा. निसर्गाला खेद नसतो, साहेब. तुम्हाला आहे, आत्ताच तुम्ही म्हणालात. ज्याला खेद होतो त्याला थोडं वेगळंही ठरवता येतं. निदान आत आलेल्या पोरांना दहावी इथेच करू द्या. खाली एक मुलगी विचारत्येय, आमचं चित्र लागणार की नाही. तिला काय सांगू? निसर्ग नाही म्हणतो?"

ते खाली बसले तेव्हा मी त्यांच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. चेअरमनसाहेबांनी कागद गोळा केले आणि सभा काहीच न ठरता संपली. आम्ही सगळे सरांना मनातल्या मनात शाबासकी देत आणि विभाग गेला असं धरून घरी गेलो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर फळ्यावर सूचना लागली. नवीन प्रवेश बंद. आठवी आणि नववीचे विद्यार्थी याच शाळेतून दहावी होतील. आणि सुरुवातीलाच लिहिलं होतं, 'संस्थेने ठरवले आहे की'. सर ती सूचना चष्मा पुसून पुसून वाचत उभे होते. जिंकलो असं मला म्हणवेना, हरलो असंही म्हणवेना. सर म्हणाले, "लिहिलं त्यांनी. माणूस मोठ्या मनाचा आहे." आणि तास घ्यायला गेले. त्या मुलीची बॅच पुढच्या वर्षी दहावी झाली. तिचे मासे जिन्यात लागले, त्याच्या पुढच्या वर्षी तिच्यामागच्या वर्गाचे लागले, आणि तिथे भिंत आणि शाळा दोन्ही संपली.

सर त्या शेवटच्या बॅचबरोबरच निवृत्त झाले. गच्चीवर इंग्रजी विभागासाठी खेळायची हिरवळ टाकायची होती, टाक्या फोडायच्या होत्या. आधी त्यांनी मरळ काढली. ते कुडाळचे गृहस्थ निरोप द्यायला आलेच होते. मासा बघून त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. "सर, तिखलां करूया?" सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आंब्यांविषयी बोलायला लागले. मरळ पालघरकडच्या एका माजी विद्यार्थ्याबरोबर त्याच्या तळ्यात गेली. "तिचा काही दोष नव्हता," सर म्हणाले.

आणि मग त्यांनी जे केलं ते बघून मी किंचाळलेच. बादली घेतली, डाव्या टाकीतले झगझगीत मासे तीत ओतले, आणि वर उजव्या टाकीतले मातकट मासे ओतले. सगळे एकत्र. इतक्या वर्षांचं काम ढवळून टाकलं.

"अहो सर! प्रयोग!"

"प्रयोग संपला," ते म्हणाले. "मासे कशाला संपायला हवेत?"

शेवटच्या बॅचमधला प्रत्येक जण बरणी, बाटली, जे मिळेल ते घेऊन आला होता. सरांनी जाळीने प्रत्येकाला मासे दिले आणि एकच ताकीद दिली, काचेच्या पेटीत कोंडू नका, वापरायच्या पाण्याच्या पिंपात सोडा, डास खातील. मलाही दिले. लोणच्याच्या बरणीतून मी ते काळाचौकीला घरी आणले. त्या दिवशी त्यांनी तोच नारिंगी शर्ट घातला होता, धुऊन धुऊन रंग जरा उतरलेला. जिना उतरताना त्यांनी एकदाही भिंतीकडे बघितलं नाही, मी मात्र बघत होते आणि मला रडू आवरेना. "बाई, पायऱ्या बघा," ते म्हणाले. आता ते बीडीडीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये खूप वरच्या मजल्यावर राहतात. तिथे डास पोचत नाहीत, अशी त्यांची फोनवर तक्रार असते.

परवा आमच्या चाळीत पालिकेचा मलेरियावाला आला होता. नवीन पोरगा, पाठीला सॅक, हातात बॅटरी. एकेक पिंप उघडून आत उजेड टाकत चालला होता. माझ्या पिंपाशी थांबला आणि वाकून बघतच राहिला. पाण्यात नारिंगी, निळ्या, काळ्या ठिपक्यांच्या शेपट्या वळवळत होत्या.

"मॅडम, हे गप्पी आमचे नाय. आमचे साधे असतात एकदम. हे एवढे कलरफुल कुठून आले? कोणी सोडले?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या वहिनी दारातून म्हणाल्या, "कोण कशाला सोडतंय? झाले असतील आपोआप."

"आपोआप नाही, वहिनी," मी म्हटलं. मग त्या पोराकडे वळले. "मूळचे तुमचेच आहेत, खूप पिढ्यांपूर्वीचे. रंगाचं कोणी ठरवलं नाही. पण इथे सोडायला दिले ते आमच्या सरांनी. ठरवून."